आईची नाणी, लेकाची कार्डं

आलेलं पत्र, थोडं आटोपशीर करून :

"गेली वीस-बावीस वर्षं मी नाणी जमवते. वडिलांनी दिलेल्या एका डब्यापासून सुरुवात झाली, पुढे वाचत, विचारत वाढवत गेले. माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे आणि त्याला खेळाडूंची चित्रं छापलेली कार्डं जमवायचं वेड आहे. तो म्हणतो, आई, तुझी नाणी नुसती पडून आहेत, माझं एक कार्ड वर्षात तिप्पट झालं. आता त्याच्या डोक्यात आलंय की माझ्याकडची दुबार नाणी विकायची आणि त्या पैशांत एका मोठ्या फुटबॉलपटूच्या सहीची जर्सी घ्यायची. सोबत प्रमाणपत्र आहे म्हणे. ह्यांचं मत, दोघांचंही विका आणि घरात जागा करा. कार्डं हा छंद आहे की सट्टा? नाण्यांपेक्षा त्यात खरंच जास्त काही आहे का? जर्सीचं काय करू? आणि माझ्यामागे या नाण्यांचं काय होईल, ही काळजी आहेच. ता. क. मध्यंतरी ह्यांनी हौसेने माझी दोन चांदीची नाणी टूथपेस्टने घासून लख्ख केली. त्यावरून मी अबोला धरलाय. माझं चुकलं का?"

नमस्कार ताई,

ता. क.चं उत्तर आधी देतो, कारण घरात अबोला आहे. रागावलात त्यात तुमचं काही चुकलं नाही. टांकसाळीत साचा धातूवर दाबून बसतो तेव्हा धातू किंचित पसरतो आणि पृष्ठभागावर केसाहून बारीक रेषा उमटतात. न वापरलेलं नाणं दिव्याखाली तिरकं धरून फिरवलं की चकाकीची एक पट्टी त्यावरून गोल फिरते, ती या रेषांमुळे. टूथपेस्टमध्ये घासणारी बारीक पूड असते आणि ती नेमक्या याच रेषा खरवडून काढते. नाणं चमकतं, पण घासलेल्या भांड्यासारखं. भिंगाखाली ओरखड्यांचं जाळं दिसतं आणि जाणकार गिऱ्हाईक काही न बोलता नाणं खाली ठेवतं. काळपट थर म्हणजे मळ नव्हे. चांदीची हवेतल्या गंधकाशी वर्षानुवर्षं हळूहळू क्रिया होऊन तो तयार होतो आणि एकदा गेला की तसाच्या तसा परत आणता येत नाही. ती दोन नाणी वेगळ्या पाकिटात ठेवा, त्यांना आणखी काही लावू नका, आणि ह्यांच्याशी बोलायला लागा. माणूस मदतच करायला गेला होता. घरात जागा करण्याचा त्यांचा प्रस्ताव मात्र तुम्ही मायलेकांनी एकजुटीने हाणून पाडा.

आता चिरंजीवांकडे वळू.

"तिप्पट झालं" म्हणजे नेमकं काय झालं, हे त्याला प्रेमाने विचारा. कार्ड विकलं का? नसेल, तर तिप्पट झालेली असते ती कुणीतरी मागितलेली किंमत, आणि मागायला कुणाच्या बापाचं काय जातं! बघायचे ते पुरे झालेले सौदे, तेही त्याच कार्डाचे, त्याच ग्रेडचे (ग्रेड म्हणजे कार्ड किती सुस्थितीत आहे ते तपासून कंपनी देते तो दहापैकी आकडा), गेल्या महिन्याभरातले. त्यातून लिलाव करणाऱ्याचं कमिशन, ग्रेडिंगची फी, टपाल आणि विमा वजा करा. उरेल तो नफा. बऱ्याचदा हा हिशेब कागदावर मांडला की तिपटीचे दीडपट होतात. दीडपटही वाईट नाही, पण त्यावरून आईची नाणी विकायला काढण्याइतकं ते मोठंही नाही.

शिवाय वर्ष कुठलं धरताय यावर सगळं अवलंबून असतं. बास्केटबॉलपटू मायकल जॉर्डनचं १९८६ सालचं फ्लीअर कंपनीचं कार्ड बघा. दहापैकी दहा ग्रेड मिळालेल्या त्याच्या प्रतीला जानेवारी २०२१च्या अखेरीस ७ लाख ३८ हजार डॉलर मिळाले. पुढच्या काही महिन्यांत तसल्याच प्रती निम्म्याहूनही कमी भावात जाऊ लागल्या. या काळात जॉर्डनने काही बरंवाईट केलं होतं का? तो तर २००३ सालीच खेळातून निवृत्त झालेला. महासाथीत लोक घरात अडकले होते, हातात वेळ आणि काहींच्या हातात पैसाही होता, आणि सगळेच एकदम जुनी खोकी उघडून बसले होते. ग्रेडिंग करणाऱ्या पीएसए कंपनीकडे तर कार्डांचा इतका ढीग साचला की त्याच वर्षी मार्चअखेर तिने बहुतेक प्रकारची नवी कार्डं घेणंच काही काळ बंद केलं. आणि हे जॉर्डनचं कार्ड काही जगात एकच नाही. दहा ग्रेडच्याच त्याच्या तीनशेहून जास्त प्रती आहेत.

हे वाचून "बघ, मी म्हणत नव्हते!" असं मुलाला ऐकवणार असाल तर जरा थांबा. नाण्यांना हाच ताप आधी येऊन गेलाय. १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या कंपन्या निघाल्या. त्या नाणं तपासून, त्याला आकडा देऊन, प्लास्टिकच्या कडक डबीत कायमचं बंद करू लागल्या. याला मंडळी स्लॅब म्हणतात. स्लॅब आल्यावर नाणं हातात न घेता, न बघता, नुसत्या आकड्यावर विकता येऊ लागलं. मग काय, नाण्यांना शेअरसारखं वागवणारे लोक आले, गुंतवणूक कंपन्यांनी नाण्यांचे फंड काढले, १९८९ मध्ये भाव आभाळाला टेकले आणि वर्षभरात धाडकन खाली आले. त्यानंतर लगेच, १९९१ मध्ये, पीसीजीएसच्याच मंडळींनी कार्डांसाठी पीएसए सुरू केली. म्हणजे आज चिरंजीव ज्या प्लास्टिकच्या डबीवर जीव टाकतात ती नाणेवाल्यांच्या घरातूनच गेलेली आहे. तेव्हा "नाणी सोज्वळ, कार्डं उनाड" या भाषेत बोलणं आपण सोडून देऊ.

फरक आहे, आणि मोठा आहे, पण तो दुसरीकडे आहे. मी तो असा बघतो : समोरची वस्तू खरी आहे, हे तुम्ही स्वतः, घरच्या घरी, कितपत पडताळू शकता? नाण्याच्या बाबतीत बरंच. कार्डाच्या बाबतीत थोडंफार. सहीच्या जर्सीच्या बाबतीत जवळजवळ नाहीच. पैसे याच उतरत्या क्रमाने सैल सोडावेत, असं माझं मत आहे.

नाण्याचं उदाहरण घ्या. ब्रिटिश सॉव्हरिन, १८१७ पासून पाडलं जाणारं बावीस कॅरेट सोन्याचं नाणं. वजन ७.९८८ ग्रॅम, व्यास २२.०५ मिलिमीटर. हे आकडे जगभर छापलेले आहेत. दोन दशांशांपर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा आणि व्यास-जाडी मोजायचा एक व्हर्नियर कॅलिपर एवढ्या भांडवलावर बरीच बनावट नाणी घरातच उघडी पडतात, कारण सोन्याइतकं जड असं स्वस्त धातूत फारसं काही मिळत नाही. हलक्या धातूचं नाणं वजनाला जमवायचं तर जाड करावं लागतं आणि जाडीला जमवलं की वजन कमी भरतं. वापराने झिजलेलं नाणं किंचित हलकं भरेल, पण जड भरत असेल तर मात्र काहीतरी गडबड आहे. हे तुम्हाला माहीत आहेच. मुलाला करून दाखवा. त्याच्या हातात काटा द्या.

आता कार्डाकडे येऊ, आणि इथे एक गोष्ट तुम्हा दोघांनाही आवडेल. इंग्लंडात पूर्वी हातोड्याने ठोकून पाडलेली चांदीची नाणी चालत. लोक त्यांच्या कडा कातरीने जरा-जरा कातरत, कातरण वितळवून विकत आणि नाणं पूर्ण किमतीला पुढे सरकवत. सतराव्या शतकाच्या शेवटाला कित्येक नाण्यांचं वजन निम्म्यावर आलं होतं. या कातरण्यावर उपाय म्हणून १६६२ पासूनच यंत्राने पाडलेल्या नाण्यांच्या कडेवर अक्षरं किंवा खाचा उमटवायला सुरुवात झाली. कातरलं की खाच जाते आणि चोरी दिसते. १६९६ मध्ये जुनी नाणी गोळा करून नवी पाडायची मोहीम निघाली तेव्हा आयझॅक न्यूटन टांकसाळीत अधिकारी म्हणून आला आणि कातरणाऱ्यांच्या व खोटी नाणी पाडणाऱ्यांच्या हात धुऊन मागे लागला. तुमच्या संग्रहातल्या नाण्यांच्या कडेला खाचा दिसतात, त्यांचं मूळ या भानगडीत आहे.

कार्डाच्या कडेला अशी खाच नसते. आणि कातरण्याचा धंदा तिथेही आहे, फक्त हेतू उलटा. नाणं कातरायचे ते चांदी काढून घ्यायला. कार्ड कातरतात ते दबलेले कोपरे पुन्हा टोकदार करायला. आठाचा ग्रेड नवाचा झाला की किंमत उडी मारते, म्हणून अर्धा मिलिमीटर कडा उडवली जाते. कार्डांच्या दुनियेतलं सगळ्यात गाजलेलं नाव बेसबॉलपटू होनस वॅग्नरचं. १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटातून निघालेलं हे कार्ड लवकरच छापायचं थांबवलं गेलं, म्हणून दुर्मीळ. त्याची सर्वांत सुंदर प्रत १९९१ मध्ये हॉकीपटू वेन ग्रेट्झ्कीने एका भागीदारासह ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतली. पीएसएने ग्रेड दिलेलं पहिलं कार्ड तेच, ग्रेड आठ. पुढे २००७ मध्ये ते २८ लाख डॉलरला गेलं. आणि २०१३ मध्ये, पूर्वी ते विकणाऱ्या लिलावदाराने न्यायालयात कबुली दिली की त्याच्या कडा आपणच कातरल्या होत्या. म्हणजे ग्रेडिंगच्या धंद्याचा श्रीगणेशाच कातरलेल्या कार्डाने झाला!

मग घरी काय बघता येतं? आधुनिक कार्डाचं माप अडीच बाय साडेतीन इंच. पण नुसती पट्टी लावून भागत नाही, कारखान्यातली सुरीसुद्धा इकडेतिकडे होते. त्यापेक्षा त्याच संचातलं एखादं कवडीमोलाचं कार्ड घ्या, जे कातरायची तसदी कुणी घेणार नाही. दोन्ही एकमेकांवर ठेवून टेबलावर उभी ठोका आणि चारही बाजूंनी कडांवरून नजर फिरवा. महागडं कार्ड कुठे आखूड आहे का? त्याची एकच कड बाकी तिघींपेक्षा पांढरीशुभ्र आणि धारदार आहे का? जुन्या कार्डाचे कोपरे थोडे मऊ आणि कड मात्र कोरी करकरीत, हा मेळ बसत नाही. मग खोली अंधारी करून टॉर्च कार्डाच्या पातळीत, अगदी आडवा धरा. दाबून सपाट केलेली घडी, पुसल्याचे माग, भरलेला रंग सगळं वर येतं. भिंगातून बघितलं तर छापील चित्र ठिपक्यांचं असतं, पण नाव आणि किनार बहुतेकदा सलग शाईची. स्कॅन करून छापलेल्या नकलेत अक्षरंही ठिपक्यांची होतात. आणखी एक : दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कागदात पांढरेपणासाठी चमक आणणारी रसायनं घालू लागले. शतकभर जुनं म्हणून विकलेलं कार्ड अतिनील दिव्याखाली निळंशार चमकलं तर समजायचं ते समजा. हे सगळं केलं तरी कातरकाम शंभर टक्के पकडता येईलच असं नाही. म्हणून म्हटलं, थोडंफार.

"सट्टा की छंद" या तुमच्या प्रश्नाचं उत्तर पुरवठ्यात आहे. शंभर वर्षांपूर्वीचं नाणं आज कुणी नव्याने पाडत नाही. जेवढं होतं तेवढंच, झालं तर कमीच. अमेरिकेचं १९३३ सालचं वीस डॉलरचं सोन्याचं नाणं ४ लाख ४५ हजार ५०० इतकं पाडलं गेलं, पण देशाने चलनातून सोनं काढून घेतल्यामुळे ते बाहेर आलंच नाही, जवळजवळ सगळं वितळवलं. कायद्याने खासगी मालकीत राहू शकणारं एकच उरलं आणि २०२१ मध्ये त्याला १ कोटी ८९ लाख डॉलरच्या आसपास किंमत आली. कार्डांत अशी दुर्मिळता बहुधा अपघाताने आलेली आहे. बेसबॉलपटू मिकी मँटलचं टॉप्स कंपनीने १९५२ मध्ये काढलेलं कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. ते का मिळत नाही? त्या मोसमाच्या शेवटी आलेला तो गठ्ठा विकला गेला नाही, वर्षानुवर्षं गोदामात पडून राहिला आणि अखेर १९६०च्या सुमारास उरलेली खोकी समुद्रात बुडवली, असं त्या कंपनीचे साय बर्गर स्वतः सांगत. पोरांनी उरलेली सायकलच्या चाकात अडकवली, आयांनी रद्दीत घातली. (आयांचा हा दोष कार्डवाल्यांच्या लिखाणात फार उगाळला जातो. पोरं काय जपून ठेवत होती!)

पण ही गोष्ट कळल्यावर सगळेच शहाणे झाले, आणि तिथेच घोटाळा झाला. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात लोकांनी कार्डं खोकीच्या खोकी घेऊन न उघडता माळ्यावर टाकली, कारण पोरांचं शिक्षण त्यातून निघेल अशी आशा. कंपन्यांनीही छापखाने थांबवले नाहीत. त्या काळातल्या बहुतेक कार्डांना आज कागदाचा भाव आहे. आता कंपन्या हुशार झाल्यात. एकाच खेळाडूचं एकच कार्ड सोनेरी, निळं, लाल, लाटांचं, ठिपक्यांचं अशा अनेक अवतारांत काढतात आणि प्रत्येकावर क्रमांक टाकतात. पंचवीसपैकी सातवं, दहापैकी तिसरं, एकपैकी एक. प्रत्येक अवतार दुर्मीळ, पण अवतार किती काढायचे याला धरबंध नाही. त्यात खेळाडू हयात, खेळता. त्याचा गुडघा दुखावला, तो उत्तेजक घेताना सापडला किंवा नुसता संघाबाहेर बसला की भाव पडतो. नाण्यावरच्या राजाचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

आणि नाण्याला तळाशी धातू असतो. चांदीचं नाणं कुणालाच नको झालं तरी चांदीच्या भावाला जातंच. कार्ड पडलं तर त्याला तळ नाही.

तरी नाण्यांच्या अंगणातही तण आहे. "मर्यादित आवृत्ती" म्हणून रंगीत चित्रांची, मखमली डबीतली, धातूच्या कितीतरी पट भावाने विकली जाणारी नवी स्मारक नाणी हा त्या चमकत्या कार्डांचाच धाकटा भाऊ. विकायला गेलात की डबीचे पैसे कुणी देत नाही. तुमच्याकडे अशी असतील तर मुलाला नावं ठेवताना ती जरा मागे सरकवा.

मला विचाराल तर कार्ड जमवणं हा चोख छंद आहे आणि न उघडलेली पाकिटं फोडणं हा जुगार आहे. हवं असलेलं कार्ड सुटं, पाहून, भाव ठरवून घ्यायचं, हे जमवणं. आत काय निघेल या आशेवर पाकिटांमागून पाकिटं घेणं, किंवा एक खोकं दहा-बारा जणांनी वाटून घेऊन कॅमेऱ्यासमोर फोडणं, ज्याला ते ब्रेक म्हणतात, यात दुकानदार सोडून बाकीच्यांचा हिशेब क्वचितच जमतो. मुलगा यातलं काय करतो ते बघा. तो एका संघाचा पूर्ण संच लावत असेल, एखाद्या गोलंदाजाची वर्षावर्षाची कार्डं शोधत असेल, तर तो तुमच्याच कुळातला आहे.

जर्सीचं मात्र स्पष्ट सांगतो : घेऊ नका. निदान या पैशांतून, या प्रमाणपत्रावर तर नाहीच.

नव्वदच्या दशकात अमेरिकेत एफबीआयने बनावट सह्यांविरुद्ध ऑपरेशन बुलपेन नावाची मोठी मोहीम चालवली. बाजारातल्या खेळाडूंच्या सह्यांपैकी निम्म्याहून जास्त खोट्या असाव्यात, असा तेव्हाचा अंदाज होता. त्यात सापडलेल्या टोळीच्या मालात मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉलसुद्धा निघाले. आणि या सगळ्या मालाला प्रमाणपत्रं होती! जो खोटी सही करू शकतो त्याला खोटा कागद छापायला कितीसा वेळ लागणार? सही खऱ्या माणसाच्या नावाची पण दुसऱ्याने केलेली, हाही प्रकार जुनाच. पूर्वी कित्येक मोठ्या खेळाडूंच्या सह्या त्यांचे मदतनीस ठोकत. सहीच्या वस्तूला वजनकाटा लावता येत नाही. तुम्ही विकत घेता ती त्या वस्तूची आजवरची वाट : सही कुणी, कुठे, कुणासमोर केली आणि तिथून ती तुमच्या दारापर्यंत कुणाकुणाच्या हातांतून आली.

वाट पक्की असली की काय होतं, याचा नमुना म्हणजे दिएगो मॅराडोनाची जर्सी. २२ जून १९८६, विश्वचषक, अर्जेंटिना विरुद्ध इंग्लंड, हाताने केलेला तो गोल. सामना संपल्यावर इंग्लंडच्या स्टीव्ह हॉजने मॅराडोनाशी जर्सी बदलली. (पहिल्या गोलआधी चेंडू चुकून मागे उडवणारा हॉजच! इंग्लंडात कुणी त्याला त्याबद्दल माफ केलं नसेल, पण जर्सीने केलं.) पुढे वर्षानुवर्षं ती मँचेस्टरच्या फुटबॉल संग्रहालयात उसनी दिलेली होती. २०२२ मध्ये लिलावाला निघाली तेव्हा मॅराडोनाच्या घरच्यांनी हरकत घेतली की ही सामन्याच्या पूर्वार्धातली, गोल उत्तरार्धात झाले. मग छायाचित्रांशी ताडून बघण्याचं काम झालं. त्या निळ्या जर्स्या अर्जेंटिनाच्या चमूने सामन्याआधी मेक्सिको सिटीत घाईघाईने मिळवल्या होत्या. बिल्ले घाईत शिवलेले, पाठीवरचे चंदेरी आकडे इस्त्रीने चिकटवलेले. अशा हातघाईच्या कामात प्रत्येक जर्सी वेगळी होते. बिल्ला पट्ट्यांवर नेमका कुठे बसलाय, आकड्यावरची चमक कुठे विस्कटलीय हे दोन्ही गोलांच्या वेळच्या फोटोंशी जुळलं. किंमत आली ७१ लाख पौंडांच्या वर.

आता मुलाने निवडलेल्या जर्सीला हेच विचारा. ती सामन्यात घातलेली आहे की दुकानातून आणून सही करून घेतलेली? दुसरी असेल तर किंमत निव्वळ सहीची. प्रमाणपत्र विकणाऱ्याचंच आहे की तिऱ्हाइताचं? विकणाऱ्याचं असेल तर त्याचा उपयोग फ्रेममध्ये लावण्यापुरता. त्यावरचा क्रमांक तपासणाऱ्या कंपनीच्या नोंदीत सापडतो का, आणि तिथला फोटो याच जर्सीचा आहे का? सही होतानाचा फोटो आहे का? आणि चिरंजीवांच्या कार्डांत कापडाचा तुकडा बसवलेलं एखादं कार्ड असेलच. ते उलटून मागची बारीक अक्षरं दोघांनी मिळून वाचा. बऱ्याच कार्डांवर लिहिलेलं असतं की हा तुकडा कुठल्याही विशिष्ट सामन्याशी, प्रसंगाशी किंवा मोसमाशी संबंधित नाही. म्हणजे कापड आहे, एवढंच नक्की. माझ्या शंभर शब्दांपेक्षा ते एक वाक्य त्याला जास्त पटेल.

आता दुबार नाण्यांचं. विकायला माझी हरकत नाही, संग्रह मोकळा होतो. पण ती खरंच दुबार आहेत का? अमेरिकेच्या १९०९ सालच्या लिंकन सेंटमध्ये कलाकाराची व्ही. डी. बी. ही आद्याक्षरं असलेली नाणी फिलाडेल्फियात जवळपास २ कोटी ८० लाख पाडली गेली, तर सॅन फ्रान्सिस्कोत फक्त ४ लाख ८४ हजार. फरक एवढाच की दुसऱ्यावर सालाखाली एक चिमुकला 'एस' आहे. भिंगाशिवाय ही दोन नाणी दुबारच वाटतील. तेव्हा साल, टांकसाळीची खूण, कड आणि वजन बघितल्याशिवाय एकही नाणं दुबारच्या ढिगात टाकू नका. आणि विकून आलेल्या पैशांतून एक बरं नाणं घ्या. मुलाला जर्सी हवीच असेल तर त्याने स्वतःची दुबार कार्डं विकावीत. "तिप्पट" खरं आहे का, हेही त्यात कळून जाईल.

सांभाळण्याबद्दल थोडक्यात. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पाकिटांतून नाणी आजच काढा. ते प्लास्टिक काही वर्षांनी चिकट हिरवट थर सोडतं. कार्डं आधी पातळ पिशवीत, मग कडक कव्हरमध्ये. चकचकीत कार्डं दमट हवेत वाकतात. सहीची कुठलीही वस्तू उन्हासमोर टांगायची नाही, शाई उडते. आणि दोघांनी मिळून एकच कपाट वापरलंत, सिलिका जेलच्या पुड्या टाकल्यात, तर ह्यांनाही जागा मिळेल.

शेवटचा प्रश्न, तुमच्यामागे काय. नाणी नुसती पडून आहेत असं मुलगा म्हणतो, कारण त्याला ती एकसारखी दिसतात. वारसांच्या हातून संग्रह मातीमोल जातो तो बहुतेकदा यादी नसल्यामुळे. कुठलं नाणं कुठलं हे एकट्या जमवणाऱ्यालाच ठाऊक असतं आणि तो गेल्यावर सगळं वजनावर विकलं जातं. म्हणून एक साधी तक्ता-वही करा. नाण्याचा क्रमांक, देश, साल, टांकसाळीची खूण, वजन, कुठून आणि कितीला घेतलं, आज साधारण काय मिळेल, आणि हे नाणं का घेतलं याची एक ओळ. वडिलांच्या डब्यातली नाणी वेगळ्या पानावर. विकायची वेळ आली तर कुणाला आधी दाखवायचं आणि कुणाला मुळीच नाही, हेही लिहा. फोटो काढायचं काम मुलाकडे द्या. कार्डांचे फोटो काढून काढून त्याचा हात बसलेला असणार, दोन्ही बाजू आणि कड कशी टिपायची हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं जमेल. त्याच वहीत मागच्या बाजूने त्याच्या कार्डांची यादी सुरू करायला सांगा. किंमत लिहिताना मात्र त्यालाही तोच नियम : मागितलेली नव्हे, झालेल्या सौद्याची, तारखेसह.